बापाचा विश्वास मुलांपर्यंत पोचतो कसा?

दुसरी_पाळी (हिंजवडी)

सलाम. पुण्यातल्या वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांतले (चर्चमधले), शब्बाथ शाळा म्हणजे मुलांची रविवारची धर्मशाळा चालवणारे, कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे लोक इथे आहेत, म्हणून विचारतो.

आपल्या बहुतेक घरांत विश्वासाचं खातं आईकडे असतं. निजताना प्रार्थना ती शिकवते, वचनं ती पाठ करून घेते, रविवारचे कपडे ती काढून ठेवते. वडील गाडी काढतात आणि नाताळात चांदणी टांगतात. तरी मोठी झालेली माणसं आपल्या श्रद्धेबद्दल बोलू लागली की वडिलांचं नाव हमखास निघतं. कुणी कृतज्ञतेने घेतं, कुणी दुखरी जागा म्हणून. म्हणजे बापाचा ठसा पडतोच, त्याने काही केलं तरी आणि नाही केलं तरी.

तर प्रश्न सरळ आहे. दुपारी दोन ते रात्री साडेदहा कामावर असणाऱ्या बापाने, एक मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी चौदाची असताना, नेमकं काय करावं? किती मिनिटं, काय वाचावं, कुठे चुकतं? मुलं इंग्रजी शाळेत, मराठी पवित्र शास्त्र त्यांना जड जातं. 'चांगला आदर्श ठेवा' हे ठाऊक आहे. कृती सांगा.

शब्बाथशिक्षिका (खडकी)

कौटुंबिक उपासनेपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त तिथेच बिघडतं.

सहा वर्षांच्या मुलाला सात-आठ मिनिटं पुरे. दहा-बाराच्या पुढे पंधरा. त्याहून लांबलं की मूल बसून राहतं पण ऐकत नाही. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातल्या एका गीताची दोन कडवी, आठ ते बारा वचनांचं वाचन, त्यावर एकच प्रश्न, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. एवढंच. वाचन आळीपाळीने, ज्याला अजून वाचता येत नाही त्याने शेवटचं वचन आईबाबांच्या मागून म्हणायचं.

मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. सोळाच अध्याय, प्रसंगामागून प्रसंग, लांब भाषणं कमी. एका अध्यायाचे दोन-तीन तुकडे केले की सहा आठवड्यांत पुरा होतो. आणि पुरं होणं महत्त्वाचं असतं. एखादं पुस्तक आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं हे मुलांना फार आवडतं. मोठी मुलं असतील तर डिसेंबरात लूकचं शुभवर्तमान घ्या: चोवीस अध्याय, १ तारखेपासून रोज एक, आणि नाताळच्या आदल्या रात्री पुनरुत्थानापर्यंत पोचता. पहिल्याच अध्यायात ८० वचनं आहेत, तेव्हा लहानग्यांना त्यातला निवडक भाग.

प्रश्न 'यातून काय बोध घेतलास?' असा नको. त्याला मुलं शाळेतलं उत्तर देतात. 'या गोष्टीत सगळ्यात जास्त घाबरलेलं कोण होतं?' असं विचारा. 'गर्दीत तू असतास तर कुठे उभा राहिला असतास?' हाही चांगला. आणि बाबांनी स्वतःही उत्तर द्यायचं, परीक्षक होऊन बसायचं नाही.

एक बारीक गोष्ट. शास्त्र छापील ठेवा. बाप फोनवर स्तोत्र वाचतोय की क्रिकेटचा स्कोअर बघतोय, हे मुलाला लांबून कळत नाही. उघडं पुस्तक मात्र दिसतं. सकाळी चहाबरोबर पाच मिनिटं ते पुस्तक बापाच्या हातात दिसलं, तर तेवढ्याने बरंच शिक्षण होतं.

तिसरा_बाक

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि एक भर. प्रार्थनेतून मुलांना बोलणी देऊ नयेत. 'हे प्रभू, अमक्याला मोबाइल सोडून अभ्यासाला बसायची बुद्धी दे' ही प्रार्थना मुलाच्या कानाला तक्रार म्हणूनच ऐकू येते. घरातला झगडा बाप देवाकडे नेतो आणि देवाला आपल्या बाजूने उभा करतो. मग मूल दोघांपासून लांब जातं. मुलासाठी प्रार्थना करायचीच असेल तर आधी त्याला विचारा, 'आज तुझ्यासाठी काय मागू?' तो म्हणेल तेच मागा, गणिताचा पेपर म्हणाला तर गणिताचा पेपर.

आकडेमोड

या विषयावरची एक प्रसिद्ध पाहणी स्वित्झर्लंडची आहे. माहिती १९९४ मध्ये गोळा झाली, निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. आईवडील दोघंही नियमित उपासनेला जाणारे असतील तर मुलांपैकी ३३ टक्के पुढे नियमित जाणारी झाली. आई नियमित आणि वडील अजिबात न जाणारे असतील तर २ टक्के. त्या घरांतली आणखी ३७ टक्के मुलं अधूनमधून जाणारी होती, बाकीची पूर्ण सुटली.

वडिलांनी जाणं न जाणं हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा जड असतं, एवढं यातून दिसतं.

युनीकेची_लेक (वानवडी)

या आकड्यांवरून आयांच्या कष्टावर पाणी फिरवू नये ही विनंती.

प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं उदाहरण घ्या. त्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात, पाचव्या वचनात, पौल त्याच्या आजीचा आणि आईचा विश्वास आठवतो: लोईस आणि युनीके. वडील हेल्लेणी (ग्रीक) होते एवढंच प्रेषितांची कृत्ये १६:१ सांगतं. बाप त्या श्रद्धेत नसताना इतका पक्का सेवक घडला. आणि लांब कशाला जायचं? पंडिता रमाबाईंची मनोरमा जन्मली १८८१ मध्ये, वडील बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये गेले. बापाशिवाय वाढलेली ती मुलगी आईच्या कामात आयुष्यभर तिचा उजवा हात झाली.

स्वित्झर्लंडच्याच पाहणीत वडील नियमित आणि आई न जाणारी असेल तर मुलांचं प्रमाण ४४ टक्के दिसतं, दोघं नियमित असण्यापेक्षाही जास्त! यावरून आईने घरी बसावं असं कुणी म्हणेल का? अशी घरं मुळात थोडी असतात. आकडा कशाचा आहे ते बघून मग बोलावं.

आकडेमोड

@युनीकेची_लेक, मान्य. ती एका देशाची, एका काळाची पाहणी आहे, आणि 'सोबत दिसलं' म्हणजे 'त्यामुळे झालं' असं होत नाही. जो बाप रविवारी नेमाने जातो तो घरात इतर बाबतींतही बहुधा हजर असतो. त्यातलं नेमकं काय मुलापर्यंत पोचलं हे त्या आकड्यावरून वेगळं काढता येत नाही.

जुनी_पाने (सदाशिव पेठ)

रमाबाईंचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या वडिलांकडे बघा, कारण या धाग्याचा विषय तिथे फार खोलवर दिसतो.

अनंतशास्त्री डोंगरे ख्रिस्ती नव्हते. ते निष्ठावान वैष्णव ब्राह्मण, तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगणारे. पण बाईमाणसाने संस्कृत शिकावं असं त्यांचं मत होतं, आणि त्यासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला. रमाबाई १८५८ च्या. लहानपणी त्यांनी भागवताचे हजारो श्लोक पाठ केले. दुष्काळात १८७४ मध्ये आईवडील दोघंही गेले. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं, १८९० मध्ये ते पुण्यात आलं, मग केडगावचं मुक्ती मिशन. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण छापून बाहेर आलं.

ते काम करायची ताकद आली कुठून? ग्रंथ मुळातून वाचायचा, पाठ करायचा, त्यासाठी भूक सोसायची, ही सवय आईबापांबरोबरच्या त्या भटकंतीतली आहे. बापाने दिलेला धर्म मुलीने ठेवला नाही, बापाने दिलेली निष्ठा ठेवली. बापाचा ठसा मोजताना हे धरायला हवं.

लेखणी_आणि_पोळपाट

@जुनी_पाने, एक दुरुस्ती. रमाबाईंना रोजचं शिकवणं आईने, लक्ष्मीबाईंनी केलं. वडील तोवर वृद्ध झाले होते. पहाटे उठवून पाठ घेणारी आईच. मात्र त्या आईला संस्कृत शिकवलं होतं अनंतशास्त्र्यांनी. म्हणजे बापाचा वाटा मुलीपर्यंत बायकोच्या हातून पोचला. वरच्या वादाला हे उदाहरण उपयोगी पडेल असं वाटतं. बापाने मुलांसाठी करायच्या गोष्टींत, मुलांच्या आईला वाचायला आणि विसाव्याला वेळ मिळेल असं बघणं, हीही एक गोष्ट आहे. उपासनेच्या वेळी भांडी कोण घासतंय यावर पुष्कळ ठरतं.

शब्बाथशिक्षिका

@लेखणी_आणि_पोळपाट, शेवटचं वाक्य घरोघरी लावावं असं आहे. साडेआठला उपासना असेल तर आठ वाजता ओटा आवरायला बापाने लागावं, म्हणजे साडेआठला सगळे बसतात.

पेटीवाला (नाना पेठ)

गीताबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. घरात गायन बंद पडतं ते बहुतेक वेळा सुरामुळे. बाप स्वतःच्या सोयीने काळी एकमध्ये सुरू करतो, खालचे सूर मुलांना लागत नाहीत, ती कुजबुजायला लागतात आणि आपल्याला गाता येत नाही असं ठरवून टाकतात. दोन-तीन पट्ट्या वर घ्या. बापाला वरचा षड्ज ओढून घ्यावा लागला तर लागू दे, मुलांचा आवाज मोकळा झाला पाहिजे.

चाल आधी पक्की करा, शब्द नंतर. एकच गीत सबंध महिना घ्या. वर्षाला बारा गीतं म्हणजे मूल सहाचं असताना सुरू केलं तर सोळापर्यंत शंभरावर गीतं तोंडपाठ. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगाच्या वळणाची पदं सर्वांत सोपी जातात, कारण ठेका अंगात असतो. पेटी नसेल तर नुसते टाळ चालतात. टाळ सहा वर्षांच्या मुलाच्या हातात द्या. लय चुकेल, चुकू द्या. हातात काम असलं की मूल उपासनेतून उठत नाही.

यूट्यूबवर लावून सोबत गाणं टाळा. यंत्र थांबत नाही, आणि मूल अडलं तिथे बापाने थांबायला हवं.

गोड_शिरा

पेटीवाले काका, टाळ दिल्यावर खालच्या मजल्यावरच्या जोशी आजीही उपासनेत सामील होतील, त्यांना आधी कल्पना द्यावी! (आणि शक्यतो नाताळच्या करंज्याही.)

जपमाळ (क्वार्टर गेट)

कॅथलिक घरांसाठी थोडं. आमच्याकडे संध्याकाळची जपमाळ असते. पूर्ण पाच दशकांना (दहा-दहा मण्यांच्या पाच भागांना) साधारण वीस मिनिटं लागतात, सहा वर्षांच्या मुलाला ती जड आहेत. एकच दशक घ्या: प्रभूची प्रार्थना, दहा नमो मरिया, पित्याला गौरव. मणी मुलाच्या बोटांत, मोजणी त्याची. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, म्हणजे मनन करायचे येशूजन्माभोवतीचे प्रसंग, असतात, ती लहानांना गोष्टीसारखी सांगता येतात. पूर्ण माळ ऑक्टोबरात, तो जपमाळेचा महिना आहे.

बापाने लक्ष घालायची जागा म्हणजे प्रथम ख्रिस्तप्रसादाची (फर्स्ट कम्युनियनची) तयारी, सात-आठ वर्षांच्या आसपास. वर्गाला सोडायचं, तासाभराने न्यायला यायचं, असं बहुतेक बाप करतात. त्याऐवजी त्या आठवड्याचा पाठ परत येताना विचारावा आणि पापनिवेदनाला (कन्फेशनला) स्वतः आधी रांगेत उभं राहावं. आपले बाबाही गुडघे टेकतात हे मुलाने बघायला हवं. 'जा, तू जाऊन ये' म्हणून ढकललेलं मूल तो संस्कार शिक्षेसारखा धरतं.

आणखी एक, यावर बरेचदा गोंधळ होतो. स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी सख्खा बाप धर्मपिता (गॉडफादर) होऊ शकत नाही. चर्चच्या कायद्याचं ८७४ वं कलम आहे. धर्मपित्याचं वय साधारणपणे सोळा पूर्ण हवं आणि त्याचं दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं हवं. तेव्हा ज्याच्याकडून भारी भेट येईल तो निवडू नका. बाप कामावर असताना मुलाला मिस्साला घेऊन जाईल, असा पुण्यातच राहणारा माणूस निवडा.

शेवटी संत योसेफ, मरियेचा पती. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो उठतो, निघतो, घेऊन जातो. लूकच्या दुसऱ्या अध्यायात आहे की येशूचे आईबाप दरवर्षी वल्हांडण सणाला यरुशलेमेला जात. दरवर्षी जाणं, हेच त्याचं शिकवणं.

ओसरीवरून

हे सगळं चांगल्या बापांबद्दल चाललंय. ज्या घरात बाप पितो, मारतो, आणि रविवारी पहिल्या बाकावर असतो, त्या घरातल्या मुलाचं काय? असं मूल 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना काय मनात आणत असेल?

कान_देऊन (समुपदेशक)

@ओसरीवरून, हा प्रश्न आला हे फार बरं झालं.

अशा मुलाच्या बाबतीत सुरक्षितता पहिली. मार, लैंगिक छळ, उपासमार यातलं काही कळलं तर चाइल्डलाइन १०९८, चोवीस तास, फोन फुकट. 'घरातली गोष्ट मंडळीत नको' म्हणून झाकणं हा मुलावर दुसरा अन्याय असतो. लैंगिक छळ असेल तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, शिक्षिका असो की पाळक.

शिकवताना: अशा मुलावर देवाचं बापपण लादू नका. तो शब्द त्याच्यासाठी मारणाऱ्या हाताला जोडलेला असतो. मेंढपाळापासून सुरू करा, स्तोत्र २३. मग मार्क १०:१३-१६, जिथे शिष्य लेकरांना अडवतात आणि येशू रागावतो, तेही मोठ्यांवर. मोठ्या माणसांवर मुलांसाठी रागावणारा देव, हे त्या मुलाला पटकन कळतं. पितृहीनांचा पिता म्हणणारं स्तोत्र ६८:५ आणि आईबापांनी सोडलं तरी जवळ घेणारं २७:१० पुढे, ते मूल तयार झाल्यावर. 'बापाला क्षमा कर' हे मूल त्याच छपराखाली मार खात असताना सांगू नये. त्याला ते 'गप्प बस' असं ऐकू येतं.

जे बाप मारत नाहीत पण सतत टोचतात त्यांच्यासाठी इफिसकरांस ६:४ आहे: मुलांना 'चिरडीस आणू नका'. शिस्तीचा उल्लेख त्याच वचनात आहे, पण नंतर. कलस्सैकरांस ३:२१ त्याचं कारण देतं, मुलं खिन्न होतात. हे प्रत्यक्षात ओळखायचं कसं? मूल बापासमोर प्रार्थनेत फक्त पाठ केलेली वाक्यं म्हणतं आणि आईसमोर स्वतःची. असं दिसलं तर बापाने थोडे दिवस उपासना चालवू नये, फक्त बसावं.

रागावून बोललं गेलं तर माफी मागावी, आणि ती त्याच दिवशी. काय चुकलं ते नाव घेऊन सांगायचं: 'मी तुला सगळ्यांसमोर बोललो, ते चूक होतं.' पुढे 'पण तूही' आलं की माफी संपली.

आकडेमोड

@कान_देऊन यांच्या मुद्द्याला एक आधार. अमेरिकेत व्हर्न बेंगस्टन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७० पासून तीन-साडेतीन दशकं त्याच कुटुंबांच्या पिढ्यांचा मागोवा घेतला, निष्कर्ष २०१३ मध्ये पुस्तकरूपाने आले. श्रद्धा पुढच्या पिढीत जाण्याशी ठळक संबंध दिसला तो जिव्हाळ्याचा, विशेषतः वडिलांशी असलेल्या. धर्मनिष्ठ पण दुरावलेला बाप असेल तर नुसती धर्मनिष्ठा पुरी पडत नाही. माझ्या पहिल्या प्रतिसादातल्या आकड्यांपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

दुसरी_पाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचतोय आणि वहीत उतरवून घेतोय. दोन गोष्टी अजून अडतात. साडेआठची उपासना घरी होते तेव्हा बाप कंपनीत असतो. आणि चौदा वर्षांची मुलगी रविवारी यायला नाही म्हणायला लागली की काय करायचं?

पाळकाची_काठी (लोणावळा ते लोणी)

सलाम दुसरी_पाळी. सेवेत बरीच वर्षं गेली आहेत, दोन्हींवर लिहितो.

पाळीचा प्रश्न आधी. रात्रीची उपासना आईने चालू ठेवावी, तुम्ही सकाळ घ्या. शाळेची बस सातला असेल तर पावणेसातला उठा, झोप नंतर पुरी करा. त्या वेळी वाचन नको, घाई असते. दाराशी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून पवित्र शास्त्रातल्या गणना या पुस्तकातली ६:२४-२६ ही वचनं म्हणा. तीन वचनं, वीस सेकंद. अहरोनाला दिलेला हा आशीर्वाद आहे, पाठ करा, रोज तोच. एखाद्या दिवशी विसरलात तर सहा वर्षांचं मूल दारातून परत फिरतं आणि डोकं पुढे करतं.

रात्रीच्या उपासनेसाठी रविवारी दुपारी फोनवर आठवड्याची सहा छोटी वाचनं बोलून ठेवा, प्रत्येकी दीड-दोन मिनिटं. वाचनाच्या जागी घरी तुमचा आवाज लावतील. सुट्टीच्या दिवशी मात्र प्रत्यक्ष बसा आणि त्या दिवशी कामाचा फोन उचलू नका.

आता लेकीबद्दल. चौदाव्या वर्षी 'येत नाही' याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही. उपदेश कळत नाही. मैत्रिणींपैकी कुणी ख्रिस्ती नाही. मंडळीत कुणी कपड्यांवरून बोललं. पाळीचं पोट दुखतं आणि ते बापाला सांगायचं नसतं. किंवा खरीखुरी शंका आहे. रविवारी सकाळी साडेआठला, सगळे तयार असताना, कारण विचारू नका. बुधवारी विचारा, गाडीवर किंवा चालताना, समोरासमोर बसून नव्हे. आणि विचारल्यावर गप्प राहा.

शंका असेल, म्हणजे दुःख का आहे, इतर धर्मांच्या मैत्रिणींचं काय होणार, उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि विज्ञानाचं पुस्तक, तर त्याच रात्री उत्तर देऊ नका. 'आपण दोघं मिळून वाचू' म्हणा आणि खरंच वाचा. ईयोबाचं पुस्तक बेचाळीस अध्यायांचं आहे. पहिले तीन आणि अडतीस ते बेचाळीस एवढे तिच्याबरोबर वाचा. देव ईयोबाला प्रश्न विचारल्याबद्दल घालवून देत नाही, उलट फटाफट उत्तरं देणाऱ्या त्याच्या मित्रांवर रागावतो. योहान २० मधला, पुनरुत्थानावर शंका घेणारा शिष्य थोमाही तसाच. शंका घेऊन त्याच खोलीत आला म्हणून त्याला प्रभू भेटला.

तिला मंडळीत बसण्यापेक्षा काम द्या. दृढीकरणाच्या आधीची दोन वर्षं फार मोलाची असतात: शास्त्रवाचन, ध्वनियंत्रणा, लहान मुलांच्या वर्गात मदत. आणि तुम्ही तिच्या शेजारी बसा. उपदेश चालू असताना बाहेर गाड्यांपाशी उभे राहणारे बाप पुण्याच्या बहुतेक मंडळ्यांत दिसतात. मुलं काचेतून ते बघत असतात.

शमुवेलाचं पहिलं पुस्तकही सांगून ठेवतो. एली याजकाने आपल्या मुलांचं वागणं माहीत असून त्यांना आवरलं नाही, तिसऱ्या अध्यायात त्याचा दोष त्याच्यावर येतो. पण त्याच एलीच्या हाताखाली वाढलेल्या शमुवेलाचे मुलगेही आठव्या अध्यायात लाच खाताना दिसतात, आणि तिथे शमुवेलावर ठपका नाही. तेव्हा लेक दूर गेली तर सगळं आपल्यामुळेच, असं धरू नका. नीतिसूत्रे २२:६ हा करार नाही, शहाणपण आहे.

युनीकेची_लेक

पाळकसाहेब, शेवटचा परिच्छेद बऱ्याच आईवडिलांच्या काळजाला हात घालणारा आहे. धन्यवाद.

जुनी_पाने

दुराव्यावरून आठवलं म्हणून टिळकांच्या घराबद्दल. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. घर फुटलं, पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, तो मुलगा दत्तू तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. काही वर्षांनी त्या नगरला परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. टिळक अव्यवहारी, पैसा हातात न टिकणारे, संतापी आणि तितकेच हळवे. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांचे सगळे दोष लिहिलेले आहेत.

टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं काव्य अपुरं होतं. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं, आणि त्या गेल्यावर १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दत्तू म्हणजे देवदत्त टिळकांनी आईवडिलांच्या लेखनाची आयुष्यभर काळजी वाहिली. बापाचे दोष ज्याने जवळून बघितले, त्यानेच बापाचं काम उचललं. घरात दोष झाकले गेले नव्हते, हे त्याचं एक कारण असावं असं मला वाटतं.

वळणदार_अक्षर

मराठी वाचनाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना अडतं ते जोडाक्षरांवर आणि जुन्या क्रियापदांवर. रोज तीनच वचनं मराठीत, मुलाने बोट ठेवून वाचायची, बाकीचं इंग्रजीत चालेल. सुरुवात अशा जागांपासून करा जिथे मजकूर आधीच पाठ आहे: मत्तय ६:९-१३, मग स्तोत्र २३. ओळखीचं वाचताना अक्षरं आपोआप बसतात. मोठ्या टाइपाची प्रत घ्या. नववी-दहावीतल्या मुलांना एखादं वचन इंग्रजीतून मराठीत स्वतः करायला सांगा आणि मग छापील प्रतीशी ताडून बघा. लेकीला हे आवडेल.

हिशोबनीस (हडपसर)

दानाबद्दल दोन ओळी. बाप पगाराच्या दिवशी दानाचं पाकीट भरतो ते मुलांसमोर भरावं. यूपीआयने दिलं तर मुलांना काहीच दिसत नाही. खाऊच्या पैशांतून मुलाचं स्वतःचं छोटं पाकीट असावं, दहा रुपये का असेनात. आयत्या वेळी बाकावर बापाने हातात नोट कोंबली तर ते मुलाचं दान होत नाही. उपकारस्तुतीच्या (पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या) सणाला मुलाने स्वतः निवडलेली भाजी न्यावी, मग ती दोडका असली तरी.

गोड_शिरा

दोडका मुलं आनंदाने देतील, घरात राहायला नको म्हणून! :)

दुसरी_पाळी

ठरवलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. सोमवारपासून सकाळी दाराशी गणना ६. मार्काची पहिली सहा वाचनं रविवारी दुपारी बोलून ठेवणार, पहिलं १:१-८ आणि दुसरं १:९-१५. महिन्याचं गीत पेटीवाले काका सुचवतील ते. मंगळवारी सुट्टी असते, त्या दिवशी आठला ओटा माझ्याकडे. लेकीशी बुधवारी सकाळी बोलणार, तिला क्लासला सोडताना. रविवारी तिच्या शेजारी बसणार, ती आली तर. नाही आली तर काय करू?

पाळकाची_काठी

तर तुम्ही जा. धाकट्याला घेऊन जा, आणि घरी आल्यावर उपदेशाबद्दल तिला काही ऐकवू नका. कोण कोण भेटलं, कुणी तिची विचारपूस केली, तेवढं सांगा. बुधवारी क्लासला सोडायला निघताना हेल्मेट चढवायच्या आधी विचारा, हेल्मेट घातल्यावर काही ऐकू येत नाही.

पेटीवाला

गीत व्यक्तिगत निरोपात पाठवतो, चालीसकट. तुमच्या आवाजाची पट्टी कळवा.